पहिला पेला राखणदाराचा

माझं शिक्षण तिसरी. चौथीत नाव घातलेलं, पण त्या वर्षी मास्तर शाळेत आणि मी बापासोबत मिठागरात. त्यामुळे लिहिताना जिथं चुकेल तिथं चुकेल, मी काय खोडत बसणार नाही. जांभळाच्या वाइनबद्दल लिहायचंय, आणि त्या गोष्टीतलं बाळकुममध्ये माझ्याएवढं कुणाला ठाऊक नाही. फुशारकी नाही ही. खरं आहे म्हणून लिहितो.

माझी वाइन भावकीनं प्यायली, कारखान्यातल्या साहेबानं प्यायली, व्याह्यांनी तर बाटल्या भरून नेल्या. विकली मी कधीच नाही. सगळे म्हणाले झकास. एकच माणूस काही बोललं नाही, ती माझी बायको. तिनं आयुष्यात एकदा आपणहून म्हणावं की बरी झालीय, एवढंच मला पाहिजे होतं. मी विचारणार नव्हतो. विचारून घेतलेलं कौतुक म्हणजे हात पसरून घेतलेली भाकरी. ती आपणहून बोलणार नव्हती. असं आमचं दोघांचं म्हातारं होईपर्यंत चाललेलं.

आता आमच्या कॉम्प्लेक्समध्ये जिथं गाड्या लागतात ना, तिथं आमची वाडी होती. वर घर, घराच्या मागं वाडी, वाडीखाली भाताची खाचरं, मग बांध, बांधापलीकडे मिठागरं आणि शेवटी खाडी. दुपारी वारा सुटला की ओठांवर मीठ यायचं. लहानपणी मला वाटायचं सगळ्या दुनियेतला वारा खाराच असतो.

वाडी बायकोची. म्हणजे सातबारा आमच्या बापाच्या नावावर, पण राज्य तिचं. पावसाळ्यात पडवळ, शिराळी, कारली, भेंडी. भात कापून झाला की वाल, मुळा, लाल माठ. पडवळाच्या टोकाला ती दोरीनं खडा बांधायची, म्हणजे ते वाकडं न होता सरळ लोंबतं. मांडवाखालून चालताना ते खडे माझ्या टाळक्यात लागायचे. मी ओरडलो की ती म्हणायची, "वाकून चला. वाकलं तर काय कमी होनार हाय का तुमचं?" मी वाकलो नाही. टेंगळं आली, पण वाकलो नाही.

पहाटे ती टोपली भरून कोपरीला जायची, स्टेशनाच्या बाजूला बसायची. तिचं गिऱ्हाईक ठरलेलं. दुसऱ्या कुणाकडून भाजी घेतलेली दिसली तर ती त्या बाईशी आठवडाभर बोलायची नाही, आणि ती बाई आठवडाभर हिची मनधरणी करायची. म्हणजे माझ्या घरात कोण आलेलं ते बघा.

तिचं माहेर आंबिवलीच्या पुढं, काळू नदीच्या काठाला. तिचा बाप हातभट्टीपायी गेला. जाताना बैल घेऊन गेला, भांडी घेऊन गेला, बायकोच्या कानातलं घेऊन गेला. म्हणून आमचं जमलं तेव्हा तिनं माझ्या आईसमोर सांगितलं, "घरात बाटली येनार असंल तर मी येनार नाय. आनि मी मरेपर्यंत त्याला तोंड लावनार नाय." त्या काळात आमच्यात नवरी मुलगी असं बोलत नसे. आमची आई खूश झाली. मी शब्द दिला की घरात बाटली येणार नाही.

दिलेला शब्द मी पाळला. बाटली कधी आणली नाही. बरणी आणली.

त्याचं असं झालं. मी कोलशेतला कारखान्यात हेल्पर होतो. तिथं माझ्यासोबत वसईकडचा एक ख्रिस्ती फिटर होता. नाताळात तो घरची वाइन आणायचा, कधी जांभळाची, कधी केळ्याची, कधी नुसत्या आल्याची. आमच्या वाडीच्या टोकाला मोठं जांभळाचं झाड. जूनच्या तोंडाला एवढी जांभळं पडायची की खालची माती निळी व्हायची, कोंबड्यांचे पाय निळे व्हायचे. एकदा तो घरी आला आणि ती पडलेली जांभळं बघून त्यानं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, पायाखाली दारू तुडवतोस तू!"

"दारू म्हणू नको," मी म्हटलं. "ऐकंल ती."

त्यानं मला शिकवलं. खर्च म्हणजे साखरेचा, बाकी सगळं देवाचं. पिकलेली जांभळं हातानं कुस्करायची, पण बी फुटता कामा नये, फुटलं की कडू. वर कढत पाणी ओतायचं, साखर घालायची. साखर पुरली की नाही हे कसं ओळखायचं? अंडं सोडायचं. कच्चं, ताजं अंडं. बुडालं तर साखर कमी. वर आलं आणि त्याचा जुन्या रुपयाएवढा गोल पाण्याबाहेर दिसला तर बरोबर. पाणी कोमट झालं की बेकरीतून आणलेलं यीस्ट घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं, रोज लाकडी पळीनं ढवळायचं. फेस बसला की गाळून बरणीत, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमायला वेळ लागला. अंडं मात्र वाया जायचं नाही, ते बायको धुऊन घेऊन कालवणात सोडायची. "माज्या कोंबरीचं हाय," म्हणायची, "तुमच्या कारखान्याचं नाय."

पहिल्या वर्षी बरणी नव्हती. घरात बापाचा रांजण होता, मातीचा, पोट सुटलेला. मिठागरातून आणलेलं वर्षाचं मीठ त्यात भरून ठेवायचे. तो मी राखेनं घासला, उन्हात वाळवला, परत घासला. फिटरला दाखवायला म्हणून बोटानं वाजवलासुद्धा. सगळं त्यानं सांगितलं तसं केलं. पाऊस संपला, भात कापून झाला, तेव्हा रांजण उघडला आणि पहिला घोट त्याला दिला. त्यानं तो घोट तोंडात धरला, माझ्याकडे बघितलं, आणि बाजूच्या माठाच्या वाफ्यात थुंकला.

"ही वाइन हाय का कोलंबीचं पाणी?"

रांजणाच्या मातीत बापाच्या वेळेपासूनचं मीठ मुरलेलं. वरून कितीही घासा, आतलं कुठं जाणार? पाणी भरल्यावर ते हळूहळू सुटत गेलं. मिठागरवाल्याच्या घरीच होणार अशी गोष्ट. मला अजून लोक चिडवतात, पण माझी चूक नव्हती ती. त्यानं सांगितलेलं सगळं मी बरोबर केलेलं. चूक रांजणाची.

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मी ती सगळी वाइन ओतून टाकायला निघालो, तर म्हणाली, "राखनदाराला दिली का?"

हे सांगायला पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक वाडीला एक राखणदार असतो. आमचा जांभळाखाली होता, शेंदूर लावलेला धोंडा. साप, चोर, वाईट नजर, सगळ्याला तो बघून घेतो. भात निघाल्यावर वाल पेरायच्या आधी त्याला मान द्यायचा, नारळ आणि पेलाभर काहीतरी. पूर्वी ताडी असायची. ताडाची झाडं गेली तसं नुसतं पाणी द्यायला लागलेले. आणि मान कुणी द्यायचा, तर जो त्या मातीत हात घालतो त्यानं. म्हणजे आमच्यात तिनं. एकट्यानं जायचं, बाकीच्यांनी बघायचं नाही, हाक मारायची नाही.

"ही खारट दारू देवाला देनार?" मी म्हटलं.

"तुमीच तर सांगताव दारू नाय म्हनून."

तिनं पितळेचा पेला भरला, पदराखाली धरला आणि गेली. मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो. बराच वेळ लागला तिला. परत आली तेव्हा पेला रिकामा, धुतलेला.

पुढच्या वर्षी मी चिनी मातीची मोठी बरणी आणली आणि मग वाइन वाइनसारखी व्हायला लागली. रांजण तिनं ताब्यात घेतला, मांडवाखाली पालथा घातला आणि त्यावर बसून माठाच्या जुड्या बांधायला लागली. बरणीला ती काली बाय म्हणायची. आतून बुडबुड आवाज आला की स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, तुमची काली बाय रडते हाय, जाऊन डोलं पुसा!" शेजारच्या बायका आल्या की त्यांना सांगायची, "आमच्या घरात दोन जनी हाव. मी वाडीत राबते, ती कोपऱ्यात बसून फुगते."

पण त्या काळ्या बाईचा चोथा तिला पाहिजे असायचा. गाळून झाल्यावर राहिलेला जांभळाचा चोथा ती टोपलीत भरून न्यायची, शेणात मिसळून कुजवायची आणि मग वाफ्यांना घालायची. चोथ्याच्या बदल्यात कोपऱ्यातली जागा, असा आमचा करार होता. तोंडी करार, पण कोर्टातला काय टिकेल असा टिकला.

दर वर्षी जून आला की जांभळं, भात निघाला की बरणी उघडायची, आणि पहिला पेला राखणदाराचा. मी पेला भरून ओट्यावर ठेवायचो. ती पदराखाली धरून जायची. मी पाठ करून उभा राहायचो. कधी वाटायचं, एवढा वेळ ही त्या धोंड्याशी काय बोलत असेल? वालाबद्दलच बोलत असणार. ती परत आली की मी मुद्दाम तिच्यासमोर स्वतःचा पेला भरायचो, घोट घ्यायचो आणि मोठ्यानं म्हणायचो, "वा!" ती म्हणायची, "वाल भिजत घातलेत, पाट्या काढा." बस. एवढंच. एका वर्षी तर साहेबानं सगळ्या खात्यासमोर माझी पाठ थोपटली. घरी येऊन मी ते तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं. शिराळ्याला पानी घातलं का?"

मग जमिनी गेल्या. आमच्या एकट्याची नाही, सगळ्या गावाची. लोक म्हणतात तुम्ही मालक झाले. झालो असू. मिठागरं आधीच बंद पडलेली, खाचरांत कुणी उतरत नव्हतं, मुलाला नोकरी. मी रडलो नाही. जांभूळ तोडलं त्या दिवशी मला कल्याणला काम होतं. काम काय होतं ते आता आठवत नाही.

फ्लॅटमध्ये यायच्या आधी बायकोनं वाडीची माती गोणपाटात भरली. दहाव्या मजल्यावर. मुलगा म्हणाला, "आई, लिफ्टमधून माती कोण नेतं?"

"तुजा बापूस पन मातीतलाच हाय. त्याला आनलास ना लिफ्टमधून?"

तिनं रांजणही आणला. एवढा जड, एवढा जुना, सुनेच्या नव्या स्वयंपाकघरात कशाला? तर म्हणाली कांदे ठेवायला. गुडघे गेलेले असताना तो रांजण चढेपर्यंत ती लिफ्टच्या दाराशी उभी राहिली. मला वाटलं म्हातारपण आहे, असू दे.

नव्या घरात पहिली दोन वर्षं मी वाइन केली नाही. फळ नाही, झाड नाही, कुणासाठी करायची? ती मात्र बाल्कनीत लागली कामाला. रंगाच्या रिकाम्या बादल्या जमवल्या, खाली भोकं पाडली, वाडीची माती भरली. ग्रिलवर कारली चढवली. एका पडवळाला खडा बांधला, तर तो वाऱ्यानं हलून खालच्या बिऱ्हाडाच्या काचेवर वाजायला लागला. तक्रार आली. तिनं खडा सोडला, पडवळ वाकडं झालं, आणि ती दोन दिवस जेवली नाही नीट.

ते बघून मला राहवलं नाही. गेल्या जूनमध्ये मी एकटा आंबिवलीला गेलो. स्टेशनाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात, तिथून पिकून फुटायला आलेली जांभळं घेतली, दुसऱ्या दिवशी विकली गेली नसती अशी. स्वस्तात मिळतात. सगळा सदरा निळा करून घरी आलो. बायकोनं सदरा बघितला आणि म्हणाली, "काली बाय आली वाटतं परत." अंडं मागितलं तर फ्रिजमधलं दिलं. ते शिळं, अर्ध्या साखरेतच वर आलं. शिळ्या अंड्याचा भरवसा नाही. मग तिनं शेजारणीकडून ताजं गावठी आणून माझ्या हातात ठेवलं. ते बुडालं, साखर वाढवली तेव्हा वर आलं.

बरणी बाल्कनीत कपडे धुवायच्या मशिनमागं ठेवली. दिवाळीनंतर उघडली. रंग असा, की पेला उजेडात धरला तर कडेला माणकासारखा. वास सुटला आणि मला एकदम वाडी दिसली, निळे पाय असलेल्या कोंबड्यांसकट.

पहिला पेला राखणदाराचा. बिल्डरनं आमचा धोंडा तोडला नव्हता, उलट गेटजवळ टाइल लावून छोटं देऊळ बांधलेलं, घंटा पण लावलेली. बायकोला चालवत नाही म्हणून मी पेला घेऊन खाली गेलो. वॉचमनच्या केबिनशी कमिटीतला एक माणूस उभा होता. सभ्य माणूस, आमच्या नंतर राहायला आलेला. वास घेऊन म्हणाला, "आजोबा, हे काय? इथं लहान मुलं नमस्काराला येतात. देवाला दारू नाही चालणार."

"त्याला कधीपास्नं चालत नाही?" मी म्हटलं. "तुम्ही विचारलं त्याला?"

"नियम आहे आजोबा."

भांडलो असतो. भांडायला मला वेळ लागत नाही. पण देवळाच्या पायरीवर तो धोंडा बघितला, शेंदराच्या वर ऑइलपेंट मारलेला, गळ्यात प्लॅस्टिकचा हार. मला वाटलं, ह्यालाच इथं करमत नाही, ह्याच्यावरून कशाला भांडू. तसाच भरला पेला घेऊन लिफ्टनं वर आलो.

बायको बाल्कनीत बसलेली. वाल पेरायची बादली समोर. मी पेला मशिनवर ठेवला आणि म्हटलं, "नाय घेतला त्यानं. नियम आहे."

तिनं हात पुढं केला. मग म्हणाली, "द्या इकरं."

"कुठं देणार?"

"माती कुठली हाय ही?" तिनं बादलीवर हात ठेवला. "माती हाय तिथं तो हाय. टाइल कशाला लागतात त्याला?"

मी पेला दिला आणि सवयीनं पाठ करायला वळलो. पण बाल्कनी केवढी? पाठ केली तर काचेच्या दारात सगळं दिसतं. आणि मला दिसलं. तिनं पेला कपाळाला लावला, अर्धा बादलीतल्या मातीत ओतला. मग पदर डोक्यावर नीट घेतला आणि उरलेला अर्धा, शांतपणे, औषध घेतात तसा नाही, चहा पितात तसा प्यायली.

मी वळलो.

"काय बगताव?" ती म्हणाली. "राखनदाराचं उरलेलं देनाऱ्यानं घ्यायचं असतं. टाकून आलं तर तो रागावतो. आयशीनं शिकवलंय मना. ही दारू नाय. प्रसाद हाय."

"म्हणजे दर वर्षी?"

"दर वर्षी."

"आणि मी इकडं पाठ करून उभा!"

"मंग? बगायचं नसतं."

मी खुर्चीवर बसलो. इतकी वर्षं मी तिच्यासमोर पेला भरून वा वा करत होतो आणि ती माझ्या आधी पिऊन, पेला धुऊन आलेली असायची. मला हसू येईना आणि राग पण येईना. विचारणार नाही असं ठरवलेलं, ते मी मोडलं नाही. नुसता बघत बसलो तिच्याकडे. तिनं दोन बोटांनी मातीत खड्डे केले, एकेक वाल टाकला, माती सारखी केली. मग हात झटकून, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पयली बरी व्हती."

"कुठली पहिली?"

"रांजनातली."

"खारट? ती तर थुंकला तो फिटर!"

"त्याला काय कलतं? जांभूल मिठाबिगर कोन खातं?" आणि मग, बादली ग्रिलकडे सरकवताना, "नंतरच्या सगल्या नुसत्या साखरेवानी गोर झाल्या. मी म्हटलं, तुमी एवरं वा वा करताव, कशाला बोलायचं."

एवढं बोलून ती आत गेली, सुनेला म्हणाली की कांदे चिरायचे असतील तर रांजणातले आधी घे, बाहेरचे राहू दे.

मी बाल्कनीत एकटा. स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं, कुणाला दिसणार नाही असं, आणि माझा पेला भरून त्यात टाकलं. बोटानं ढवळलं. घोट घेतला. दुपारचा वारा सुटलेला, तो आता खाडीवरून येतो की रस्त्यावरून काय माहीत, पण त्या घोटात ओठांवर मीठ आलं, आणि तिच्या मांडवाखाली उभा असल्यासारखं वाटलं, टाळक्यात खडा लागायच्या आधीचं.

चव कशी होती ते मी तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

वाल आता ग्रिलपर्यंत आलेत. जांभळांना अजून अवकाश आहे. काल मी रांजणातले कांदे टोपलीत काढून ठेवले. ती बघत होती. रांजण धुवायला काढलाय. फार घासणार नाही.